हा तिच्या नवऱ्यासारखा दिसतो

सांगलीच्या हळदपेठेत माझं नाव घेऊन विचारत आलात, तर कोणी पत्ता सांगणार नाही. "लाइकसर कुठं बसतात?" असं विचारा. हमालसुद्धा पाठीवरचं पोतं न उतरवता हनुवटीनं जिना दाखवेल. हल्लीच्या मुलांना वाटतं, मी यूट्यूबवर 'लाइक करा, शेअर करा' म्हणणाऱ्यांपैकी कोणीतरी आहे. तसं नाही. हे नाव मोबाइल यायच्या आधीचं आहे आणि ते मी घाम गाळून, एका क्रियापदाच्या जोरावर कमावलेलं आहे.

मी इंग्रजी शिकवतो. आधी वाईला हायस्कुलात शिकवलं, निवृत्तीनंतर सांगलीत आलो. इथं अण्णा नावाच्या हळद व्यापाऱ्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, माझा स्पोकन इंग्लिशचा वर्ग आहे. वर्गात खडूची धूळ आणि हळदीची धूळ एकत्र होते, त्यामुळे माझे विद्यार्थी इंग्रजीत कच्चे राहिले तरी शिंकण्यात पक्के होतात. बाहेरच्यांना वाटतं, इंग्रजी शिकवायचं म्हणजे स्पेलिंगं घोकून घ्यायची. ते सोपं काम आहे. अवघड काम वेगळंच. माणूस इंग्रजी बोलतो तेव्हा त्याच्या आत एक मराठी माणूस बसलेला असतो आणि तो खालून एकेक शब्द पुरवत असतो. त्या आतल्या माणसाशी माझी चाळीस वर्षं कुस्ती चालू आहे. बहुतेक वेळा मीच चीतपट.

एवढ्या वर्षांतलं सगळं सांगत बसत नाही. एकच शब्द घेतो: 'दिसतो'. तुम्ही म्हणाल, त्यात काय आहे? मीही असंच म्हणायचो, आणि म्हणूनच एका घराचं वाटोळं करायच्या बेतात आलो होतो.

सुरुवात वाईत झाली. नववीच्या वर्गाला 'माझी आई' असा निबंध दिला होता. आई गाईसारखी गरीब दिसते, असं एका मुलाला म्हणायचं होतं. त्यानं लिहिलं, "माय मदर लुक्स अ काऊ." मी वही वाचली आणि अंगात वारं आलं. त्याच तासाला फळ्यावर मोठ्या अक्षरात नियम लिहिला: नाम आलं, लाइक लावा. गाय हे नाम, म्हणून लुक्स लाइक अ काऊ. वर्गाकडून तो तालावर म्हणून घेतला. आमच्या शाळेच्या खिडक्या घाटाकडे उघडायच्या. पलीकडे कोणाचं तरी श्राद्ध चालू होतं. तिथले भटजी मंत्र थांबवून आमच्याकडे बघत होते, असं नंतर कळलं.

नियम इतका छान बसला, की पुढच्या आठवड्यात पोरांनी नाम असो-नसो, दिसेल तिथं लाइक ठोकून दिलं. 'सर, यू लुक लाइक टायर्ड.' 'द मँगो लुक्स लाइक रॉ.' एका मुलीनं तर आदरानं माझ्याकडे बघत म्हटलं, 'सर, यू लुक लाइक ओल्ड.' मी चौतीस वर्षांचा होतो. विशेषण आलं तर लाइक नको, नुसतं टायर्ड, नुसतं ओल्ड, हे सांगता सांगता वर्ष संपलं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

त्याच वर्षी तपासणीला एक साहेब आले होते. माणूस फार सभ्य. निरोपाच्या चहाला आपणही इंग्रजीतून दोन शब्द बोलावेत म्हणून मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, यू लुक लाइक अ जंटलमन." साहेबांनी कपबशी सावकाश खाली ठेवली.

"लुक लाइक," ते म्हणाले. "बरं. तुमची अजून खात्री झालेली नाही तर."

मला वाटलं, विनोद केला. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो. महिन्याभरानं शेरा आला: 'शिक्षक उत्साही दिसतात.' तो मी चौकटीत घालून भिंतीवर लावला. त्यातलं 'दिसतात' मला कळायला पुढं तीस वर्षं लागली.

सांगलीत आल्यावर 'सारखं' या शब्दानं निराळाच गोंधळ घातला. मराठीत सारखं म्हणजे 'च्यासारखं' आणि सारखं म्हणजे 'सतत'. माझ्या दुपारच्या वर्गाला एक गृहिणी येत. मुलाची तक्रार त्यांनी इंग्रजीतून केली: "माय सन लुक्स लाइक मोबाइल." मी म्हटलं, असं कसं दिसेल हो लेकरू? त्या म्हणाल्या, "आवं सर, माझा मुलगा सारखा मोबाइल बघतो. बघतो म्हणजे लुक्स, सारखा म्हणजे लाइक. तुमीच तर शिकवलं." मी फळ्याकडे तोंड करून पाच मिनिटं हसलो आणि मग लक्षात आलं, की हा विनोद माझाच आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. अण्णांच्या इमारतीत माझ्या वर्गाच्या वर एक खोली होती. तिथं पूनम आणि अभिजित हे जोडपं भाड्यानं राहायचं. अभिजित शिराळ्याचा, गाई-म्हशींच्या धंद्यातला. न्यूझीलंडमधल्या एका मोठ्या गोठ्यावर त्याला काम मिळालं. मुलाखतीची तयारी माझ्याकडेच केली. मुलगी आठ महिन्यांची असताना तो गेला. पूनमनं आणि मुलीनं मागून जायचं ठरलं होतं. त्यासाठी व्हिसा हवा, आणि व्हिसासाठी लग्नाचा दाखला, फोटो यांच्या जोडीला शेजाऱ्यापाजाऱ्यांची पत्रं हवीत, की होय, ही दोघं नवराबायको म्हणून आमच्यासमोर राहिली.

घरमालकाचं पत्र सगळ्यात वजनदार. अण्णांनी ते मराठीत लिहून दिलं आणि इंग्रजी करायचं काम अर्थातच लाइकसरांकडे आलं. अण्णांचा मजकूर मला अजून पाठ आहे. 'सदर दांपत्य माझ्या इमारतीत दीड वर्ष राहिले. पहिल्या भेटीतच वाटले, हा तिचा नवरा दिसतो. माणूस सज्जन दिसतो. सुखी जोडपे दिसते.'

नवरा हे नाम. सज्जन माणूस हे नाम. जोडपं हे नाम. नाम आलं, लाइक लावा. मी झोकात लिहिलं: ही लुक्स लाइक हर हजबंड. ही लुक्स लाइक अ जंटलमन. दे लुक लाइक अ हॅपी कपल. खाली अण्णांची सही घेतली, शिक्का मारला, आणि पूनमला म्हटलं, "बॅग भरायला घे."

दोन महिन्यांनी एका सकाळी जिन्यावर बूट वाजले. पूनमचे वडील आले होते, सुभेदार. फौजेतून निवृत्त, गाव साताऱ्याकडं. हा माणूस जिना चढला तरी परेड वाटते. हातात छापलेला ईमेल.

"मास्तर, हे वाचा. पोरगी कालधरनं जेवली न्हाई."

मी वाचलं. भाषा अगदी सौम्य होती. घरमालकाच्या निवेदनावरून अर्जदार ही संबंधित व्यक्तीची पत्नी असल्याची त्यांना खात्री आहे, असं दिसून येत नाही. 'तो तिच्या नवऱ्यासारखा दिसतो' या विधानाचा खुलासा चौदा दिवसांत करावा, अन्यथा उपलब्ध कागदांवर निर्णय होईल.

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. हा तिच्या नवऱ्यासारखा दिसतो. म्हणजे नवरा दुसराच कोणीतरी आहे आणि हा त्याच्यासारखा दिसतो. हे मी लिहिलं होतं. इंग्रजीच्या मास्तरानं.

त्या क्षणी मला वाईचे साहेब आणि त्यांची कपबशी आठवली. कान तापले. आणि खोटं कशाला बोलू, त्याबरोबर डोक्यात एक दिवाही लागला. चाळीस वर्षं जे दोन शब्द मी एकच समजत होतो ते वेगळे आहेत, आणि मराठीत ते मला पाळण्यापासून माहीत होते. 'तो डॉक्टर दिसतो' म्हणजे गळ्यातलं यंत्र बघून मी अंदाज केला, की तो डॉक्टर असावा. 'तो डॉक्टरसारखा दिसतो' म्हणजे चेहरा तसा आहे, पण असेल वाणी. इंग्रजीत दुसऱ्याला लुक्स लाइक चालतं. पहिल्याला सीम्स टू बी किंवा अपिअर्स टू बी हवं, म्हणजे 'असावा' ही अटकळ त्यात येते. सज्जन माणूस, मूर्ख माणूस असं आपलं मतच सांगायचं असेल तर ही सीम्स अ नाइस मॅन, लाइकशिवायसुद्धा चालतं. आणि मी सगळ्यांना एकाच खुंटीला बांधलं होतं. इतका आनंद झाला, की मी खडू घेऊन फळ्यावर लिहायलाच लागलो.

"मास्तर," सुभेदार मागून म्हणाले, "माझ्या पोरीचं काय?"

खडू हातातच राहिला.

आम्ही खाली अण्णांच्या गादीवर गेलो. मी चूक कबूल केली. लपवून भागणार नव्हतं. ती वरच्या मजल्यावर फळ्यावर लिहिलेली होती. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"मग आता काय लिहायचं म्हणता?"

"नवा खुलासा. ही अपिअर्स टू बी हर हजबंड. म्हणजे तो तिचा नवरा असल्याचं दिसतं."

"परत दिसतंच?" सुभेदार म्हणाले. "आवं मास्तर, दिसतंय म्हंजे काय? मी नवा रंगरूट हुतो तवा पोस्टवर उभा हुतो. समोर झाडीत कायतरी हाललं. मी वायरलेसवर सांगितलं, एक आदमी दिखता है. तिकडनं साहेब म्हणाला, दिखता है या है? मी म्हणलं, दिखता है साब. म्हणाला, जाके देख. गेलो. खेचर हुतं. तवापास्नं मी दिसतंय हा शब्द सोडला. हाय न्हाईतर न्हाई. अण्णा, लिवा तुमी, हाय."

अण्णांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग हळू म्हणाले, "सुभेदार, रागावू नका. मी 'आहे' लिहीत नाही."

"का वो?"

"मी त्यांच्या लग्नाला नव्हतो. या गादीवर पन्नास वर्षं बसलो. पोतं समोर आलं की मी म्हणतो, माल बरा दिसतोय. हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय 'बरा आहे' असं माझ्या तोंडून निघत नाही. न बघितलेल्या गोष्टीवर सही केली, तर ही गादी सोडून उठलेलं बरं."

"आनि माझी पोरगी? तिनं काय जन्मभर फोनवर संसार करायचा?"

"मी नाही म्हणतोय का? दिसतो लिहितो ना. दहा वेळा लिहितो."

"दहा वेळा खेचर," सुभेदार म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

एक 'दिसतो'शिवाय बोलणार नाही, दुसरा 'दिसतो' ऐकून घेणार नाही, आणि मधे मी, ज्याला 'दिसतो' म्हणजे काय ते पाऊण तासापूर्वी कळलेलं. तेवढ्यात पूनम जिना उतरून आली. कडेवर मुलगी, आता सव्वादोन वर्षांची. मुलीच्या हातात फोन, आणि ती फोनच्या काळ्या काचेला "पप्पा, पप्पा" म्हणत होती. फोन बंद होता. घरात पप्पा म्हणजे तीच वस्तू.

मी पूनमची माफी मागितली. ती रागावेल असं वाटलं होतं. ती नुसती म्हणाली, "सर, तुमचं काय चुकलं? दीड वर्ष झालं, तो नुसता दिसतोच की."

पोती तोलणारा हमाल काटा थांबवून उभा राहिला. मला त्या वाक्याचं इंग्रजी सुचलं नाही, अजूनही सुचत नाही.

मग मी माझ्या धंद्यातली एक साधी गोष्ट केली, जी आधीच करायला हवी होती. विद्यार्थी अडला की मी विचारतो, बाबा रे, वाक्य राहू दे, तू बघितलंस काय ते सांग. तसं अण्णांना विचारलं. "तो कसा वाटला, कसा दिसला, ते सोडा. दीड वर्षात डोळ्यांनी काय बघितलंत?"

अण्णा जिन्याकडे बघत राहिले. आमचा जिना अरुंद आहे, पायऱ्या उंच, कठडा एकाच बाजूला.

"हिचे दिवस भरत आले होते," ते म्हणाले. "रोज संध्याकाळी दवाखान्यातून नाहीतर बाजारातून यायची. हा पुढं चढायचा नाही. हात धरून शेजारीही नाही, तेवढी जागा कुठाय? हा तिच्या मागं, एक पायरी खाली राहून चढायचा. दोन्ही हात असे थोडे पुढं. ती थांबली की हा थांबायचा. तिला मागं काय चाललंय ते कळतही नसेल. मी इथनं बघत होतो. तीन महिने, रोज."

पूनम बापाकडे बघत म्हणाली, "मला खरंच माहीत नव्हतं."

अण्णांनी समोरच्या पोत्यात हात घातला, एक हळकुंड काढलं आणि कटकन मोडलं. आतला रंग त्यांनी आम्हाला कोणालाच दाखवला नाही, स्वतःच बघितला.

"मोडून बघितलाय की माल," ते म्हणाले. "मी लग्नाला नव्हतो तर नव्हतो. असं नवऱ्याशिवाय कोण चढतंय? लिहा मास्तर, आहे."

सुभेदार उठून उभे राहिले. मला वाटलं, सॅल्यूट मारतात. त्यांनी अण्णांच्या पुढ्यातला पाण्याचा तांब्या उचलला आणि घटाघटा प्यायले. सकाळपासून त्यांच्याही पोटात काही नव्हतं.

खुलासा मी तिथंच गादीवर बसून लिहिला. आधीच्या पत्रातली चूक भाषांतरकाराची आहे, घरमालकाची नाही, हे पहिल्या वाक्यात माझं नाव घालून लिहिलं. सुभेदार खांद्यावरून वाकून बघत होते. इंग्रजी येत नसलं तरी एल, आय, के, ई ही चार अक्षरं ते ओळखायला शिकले होते आणि बोट ठेवून शोधत होते. मग जिन्याची हकीकत, जशी सांगितली तशी. शेवटी दोन वाक्यं. ही इज हर हजबंड. शी इज हिज वाइफ. ही दोन वाक्यं मी नव्या वर्गाला पहिल्या आठवड्यात शिकवतो आणि पुन्हा त्यांच्याकडे वळूनही बघत नाही.

लिहिताना एक गोष्ट टोचत होती, ती इथंही लिहितो. तो जिना मीही रोज चढत होतो. एक-दोनदा तर त्यांच्या मागं अडकलो होतो आणि वर्गाला उशीर होतोय म्हणून घड्याळ बघत होतो. अण्णांनी खालून बघितलं ते माझ्या नाकासमोर चाललं होतं, आणि मी मनात तासाची तयारी करत होतो. विषय बहुधा लुक आणि लाइक.

चौदापैकी अकराव्या दिवशी खुलासा पोचल्याचं उत्तर आलं. मग वाट बघणं. सुभेदार रोज सकाळी फोन करायचे आणि एकच शब्द म्हणायचे, "आलं?" मी म्हणायचो, "नाही." फोन बंद. पाचव्या आठवड्यात पूनम जिन्यावरून ओरडत खाली आली. तिच्या ओरडण्यात ना नाम होतं ना क्रियापद, पण सगळ्या पेठेला समजलं. माझा चालू तास मी सोडून दिला. त्या दिवशी अण्णांनी वर्गाला पेढे पाठवले आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'पेढे चांगले आहेत.' आम्ही ती चिठ्ठी फळ्याला चिकटवली.

पूनम गेली. पोचल्यावर तिसऱ्या दिवशी तिचा आवाजी निरोप आला. तेव्हा सुभेदार मुद्दाम साताऱ्याहून आले होते; आम्ही तिघं अण्णांच्या गादीवर बसून ऐकला. ती म्हणत होती, विमानतळावर अभिजित समोर आला, दाढी वाढलेली, जाकीट घातलेलं. मुलगी तिच्या कडेवरून त्याच्याकडे बघत राहिली. मग हातातल्या फोनकडे बघितलं. परत त्याच्याकडे. आणि आईच्या कानात म्हणाली, "आई, हा पप्पासारखा दिसतो."

तो म्हणाला, "सारखा न्हाई गं बाय. मीच हाय." आणि तिला घ्यायला हात पुढं केले, दोन्ही हात, थोडे पुढं. ती लगेच गेली नाही. पाच मिनिटांनी गेली.

निरोप संपला. अण्णा चष्मा पुसत होते. मी मात्र आत टुणकन उडालो होतो. चाळीस वर्षांत ते वाक्य पहिल्यांदाच बरोबर जागी वापरलेलं मी ऐकलं होतं. तिच्या दृष्टीनं पप्पा म्हणजे फोन, आणि समोरचा माणूस खरोखरच त्याच्यासारखा दिसत होता. नाम, लाइक, सगळं जिथल्या तिथं. मी हे सुभेदारांना समजावून सांगणार, तेवढ्यात त्यांनी डोळ्यांवरून मनगट फिरवलं आणि माझ्याकडे वळून बघितलं.

"मास्तर," ते म्हणाले, "नातीला कवा शिकवलंत?"